‘रन’ या क्रियापदाचा पसारा

मनमाड किंवा भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे स्थानकाच्या आवारात ‘रनिंग रूम’ अशी पाटी लावलेली एक इमारत असते. रात्रभर गाडी चालवून आलेले लोको पायलट आणि गार्ड तिथे अंघोळ करतात, गरम जेवतात आणि पुढची ड्यूटी लागेपर्यंत झोपतात. विश्रांतीच्या या जागेला ‘रनिंग’ हे विशेषण मिळालं ते तिथे उतरणाऱ्या माणसांमुळे, कारण रेल्वेच्या भाषेत गाडीबरोबर फिरणारा कर्मचारी म्हणजे ‘रनिंग स्टाफ’. स्टेशनाबाहेर स्वयंपाकघराचा ओटा बांधून देणारा कंत्राटदार ‘रनिंग फुटा’चा भाव सांगतो. तिथे रुंदी हिशेबात धरायची नसते, लांबी तेवढी मोजायची असते. मैदानावर मुलं रन काढतात, शहरात मेट्रोची ट्रायल रन होते, आणि घरात कॉलेजला जाणारी मुलगी ‘प्रोग्रॅम रनच होत नाहीये’ म्हणून वैतागलेली असते. इंग्रजीचा गंध नसलेला मराठी माणूससुद्धा हा शब्द असा चार-पाच निरनिराळ्या अर्थांनी ऐकतो आणि कुठेही अडखळत नाही. या व्याख्यानमालेतलं आजचं पुष्प याच शब्दाचं आहे.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा इंग्रजीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश. त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. एकट्या त्या शब्दाला सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर लागला होता, म्हणजे एका मध्यम आकाराच्या कादंबरीएवढा. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि जुन्या नोंदी एकेक करून नव्याने लिहिल्या जाऊ लागल्या. तेव्हा २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि २०११ मध्ये ‘रन’ने पहिला क्रमांक घेतला. क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे काढले. हे काम पीटर गिलिव्हर या कोशकाराने केलं आणि त्याला नऊ महिने लागले. एका शब्दासाठी नऊ महिने, तेही संगणक हाताशी असताना.

हा आकडा वर्तमानपत्रांत कौतुकाने छापून आला, पण त्याच्यामागची कारागिरी फारशी कोणी सांगितली नाही. ६४५ अर्थ हे आकाशातल्या ताऱ्यांसारखे आधीपासून वेगवेगळे नसतात, ते कोशकाराला वेगळे करावे लागतात. नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो आणि सर्दी झालेल्या पोराचं नाकही ‘रन’ होतं. हा अर्थ एक की तीन? नदीत वाहतं ते पाणीच. नळ मात्र स्वतः वाहत नाही, त्यातून पाणी वाहतं. म्हणजे वाहणाऱ्या वस्तूची जागा ती वस्तू जिच्यातून बाहेर पडते तिने घेतली. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये, कारण आपणही ‘पाणी वाहतंय’ आणि ‘नळ वाहतोय’ ही दोन्ही वाक्यं एकाच दमात बोलतो. कोशकार इथे रेघ मारतो आणि दोन अर्थ करतो. दुसरा कोशकार कदाचित मारणार नाही. म्हणून आकड्यापेक्षा त्या रेघा कुठे मारल्या हे पाहणं जास्त मोलाचं.

रेघ मारायची तर पुरावा हवा. तो गोळा कसा झाला याची हकिगत मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांच्या उणिवा मांडल्या. कोशकार हा भाषेचा इतिहासकार असतो, न्यायाधीश नसतो, अशी त्यांची भूमिका होती. त्यातून प्रत्येक शब्दाचा पहिल्या आढळापासूनचा इतिहास, तारीखवार उताऱ्यांसह देण्याची योजना निघाली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादकपद घेतलं आणि जनतेला आवाहन काढलं : पुस्तकं वाचा, शब्दाचा वापर दिसला की ते वाक्य, पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान चिठ्ठीवर उतरवा, आणि पाठवा. चिठ्ठ्या येत राहिल्या. ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवरच्या घराच्या बागेत मरे यांनी पत्र्याची एक शेड उभारली होती. शेड थंड आणि दमट होती, आणि तिच्यात खणाखणांची मांडणी करून या चिठ्ठ्या अक्षरवार लावल्या जात. मरे यांची मुलंही खाऊच्या पैशासाठी चिठ्ठ्या लावायला बसत. टपाल इतकं वाढलं की टपालखात्याने घरासमोरच पत्रपेटी बसवली.

मरे यांना एक गोष्ट लवकर कळली. वाचक चमत्कारिक शब्द हौसेने टिपतात, रोजचे शब्द टिपतच नाहीत. ‘अब्यूजन’ या अप्रचलित शब्दाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या आल्या होत्या आणि ‘अब्यूज’ या नेहमीच्या शब्दाच्या पाचसुद्धा नव्हत्या. मग मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना साध्या शब्दांची वाक्यं स्वतः शोधत बसावं लागलं. ‘आर’ हे अक्षर पुढे विल्यम क्रेगी यांच्या वाट्याला आलं. पहिला कोश पुरा झाला १९२८ मध्ये. ते पाहायला मरे राहिले नव्हते, १९१५ मध्येच ते गेले.

आता शब्दाकडे. जुन्या इंग्रजीत ‘रन’चे पूर्वज दोन होते. एक ‘रिन्नन’, म्हणजे स्वतः धावणं, वाहणं. त्यातला ‘र’ आणि स्वर जागा बदलून ‘इर्नन’ असंही रूप झालं होतं, जसं आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं आणि ‘चिकटणे’चं ‘चिटकणे’. दुसरा ‘अर्नन’, म्हणजे धावायला लावणं, घोडा पळवणं. इंग्लंडच्या उत्तर भागात वस्ती करणाऱ्या नॉर्स लोकांचीही अशीच जोडी होती. काही शतकांत हे सगळे एकमेकांत मिसळले आणि एकच रूप उरलं. जर्मनमध्ये ही जोडी अजून वेगळी दिसते, ‘रिनन’ म्हणजे ठिबकणं, वाहणं आणि ‘रेनन’ म्हणजे पळणं.

या मिसळण्यात ‘रन’च्या अवाढव्यपणाचं निम्मं कारण आहे. मराठीत प्रयोजक रूप वेगळं होतं : पळणे–पळवणे, चालणे–चालवणे, फिरणे–फिरवणे. इंग्रजीत घोडा ‘रन’ होतो आणि मालक त्याला ‘रन’च करतो. कंपनी ‘रन’ होते, संचालक ती ‘रन’ करतो. पाणी ‘रन’ होतं, आणि अंघोळीसाठी टब भरायचा तर पाणी सोडण्यालाही ‘रन’च. प्रत्येक नव्या अर्थाला दोन पाय फुटतात, एक स्वतः होण्याचा आणि एक करवण्याचा. मराठीने ज्या कामाला ‘-व-’ हा एक प्रत्यय लावला, ते काम इंग्रजीने त्याच शब्दाच्या पाठीवर टाकलं.

उरलेलं कारण पाण्यात आहे. ‘रन’ हा मुळात पायांइतकाच प्रवाहाचाही शब्द. म्हणून अश्रू, मेणबत्तीचं ओघळणारं मेण, धुताना कपड्याचा जाणारा रंग, ओल्या कागदावर फुटणारी शाई, अंडी घालायला नदीत उलट चढणारे सॅमन मासे, सगळी त्याचीच कुळं. इथे मराठीची श्रीमंती दिसते. आपले अश्रू ओघळतात, रंग जातो, शाई फुटते, नाक गळतं. प्रत्येक द्रवाची चाल आपण वेगळी पाहिली आणि वेगळी नोंदली. इंग्रजीने सगळ्यांत सामाईक काय आहे ते पाहिलं. दोन्ही पाहणी खऱ्या आहेत.

यंत्रयुग आलं तेव्हा हा शब्द तयारच होता. चाक फिरणं, गिरणी चालू असणं, आगगाडी वेळापत्रकाप्रमाणे जाणं, आणि शंभरेक वर्षांनी संगणकावर प्रोग्रॅम चालणं, सगळं ‘रन’मध्ये बसलं. लेखक सायमन विंचेस्टर यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की ‘रन’चा विजय हा धावपळीच्या यंत्रयुगाचा विजय आहे, ‘सेट’ आणि ‘पुट’ हे त्या मानाने शांत, बैठे शब्द. हे मत आकर्षक आहे, पण अर्धंच खरं आहे. यंत्रं मराठी मुलखातही आली. गिरण्या आल्या, आगगाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तरी आपली यंत्रं धावली नाहीत, ती चालली. घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, खटला चालतो, संसार चालतो, नाटक चालतं, फाटकी नोट चालत नाही, आणि कोणी विचारलं ‘उद्या आलो तर?’ की उत्तर येतं, ‘चालेल’. इंग्रजीत ‘रन’ने जी जागा घेतली तिच्यातली बरीचशी मराठीत ‘चालणे’ या क्रियापदाने व्यापली आहे. एखादा शब्द युगामुळे मोठा होत असेल, तर त्याच युगात दुसऱ्या भाषेने सावकाश गतीचं क्रियापद का निवडलं याचंही उत्तर द्यावं लागेल. यंत्राने शब्दाला काम दिलं हे खरं, पण ते काम कोणत्या शब्दाला मिळायचं ते भाषेत आधीच ठरत आलेलं होतं.

‘रन’चे दोन अर्थ मात्र थेट मुंबईच्या इतिहासात शिरलेले आहेत, आणि तेही एकामागोमाग. १९ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ती चुकवून कापूस बाहेर काढणाऱ्या आणि शस्त्रं आत नेणाऱ्या वेगवान आगबोटींना ‘ब्लॉकेड रनर’ म्हणत. पहारा चुकवून माल पार करणं, हा ‘रन’चा एक पक्का अर्थ. बंदुकांची चोरटी वाहतूक करणारा आजही इंग्रजीत ‘गन रनर’च. या आगबोटींनी कितीही फेऱ्या मारल्या तरी लँकेशरच्या गिरण्यांना पुरेसा कापूस मिळेना. गिरणीमालकांचे डोळे मुंबईकडे वळले. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका आणि कंपन्या रोज निघू लागल्या, बॅकबे भरावाच्या शेअरांसाठी लोक जीव टाकू लागले. त्या बाजारातलं मोठं नाव प्रेमचंद रायचंद यांचं. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांनी दिलेल्या पैशातूनच उभा राहिला.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे जनरल ली शरण आले आणि अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. कापसाचा भाव कोसळला, शेअर कागदाच्या मोलाचे झाले. पुढच्या वर्षी १० मे १८६६ रोजी लंडनमध्ये ओव्हरएंड, गर्नी अँड कंपनी या बड्या पेढीने पैसे देणं थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या बँकांसमोर ठेवीदारांची झुंबड उडाली. या झुंबडीला इंग्रजी शब्द ‘रन’. पेढी बुडणार या भीतीने सगळे एकदम पैसे काढायला धावतात आणि त्या धावण्यानेच धडधाकट पेढीही बुडते. मुंबईत जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. ब्रिटनमध्ये या प्रकाराची आठवण पुसट होत गेली होती. मग सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर म्हातारेकोतारे पहाटेपासून रांगा लावून उभे राहिलेले साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिले. रांगेत माणसं तासन्‌तास उभी असली तरी इंग्रजीत तोही ‘रन’च.

बाकीचे काही अर्थ ओझरते पाहिले तरी पुरे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत धावतो, ब्रिटनमध्ये तो उभा राहतो, आणि आपल्याकडेही तो उभाच राहतो. अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या जोडीदाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात, ते घोड्यांच्या शर्यतीवरून. पायमोज्याची वीण उसवत गेली की अमेरिकन बाई तिला ‘रन’ म्हणते, इंग्लिश बाई शिडी म्हणते. नाटकाचा ‘रन’ म्हणजे एकाच थिएटरात सलग होत राहणं. अगाथा ख्रिस्तींचं ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ ला लंडनच्या वेस्ट एंडमध्ये लागलं ते मार्च २०२० मध्ये कोरोनाने थिएटरं बंद होईपर्यंत थांबलं नाही. मराठी रंगभूमीला हा शब्द लागू पडत नाही. आपलं नाटक दुपारी दादरला, रात्री ठाण्याला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला असतं. म्हणून आपण प्रयोग मोजतो.

क्रिकेटमधल्या ‘रन’पाशी मात्र थोडं थांबावं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गुणलेखक लाकडाच्या काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवी, आणि तेव्हा ‘रन’ला ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत. पुढे खाच गेली आणि तिच्या जागी धावण्याची क्रिया आली. मग ती क्रियाही गळाली. चेंडू सीमारेषेपार गेला की फलंदाज जागचा न हलताही चार ‘रन’ मिळतात. धावणं हे मोजण्याचं एकक झालं, जसं पाऊल या अवयवाचं फूट हे माप झालं. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी, आणि विश्रांतीच्या वेळी काठियावाडने सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावांची हळहळ महाराष्ट्र अजून करतो.

धावा! हा शब्द आपण ‘रन’वरून बेतला, आणि त्यातून मराठी शब्दांचं एक गोकुळ उभं राहिलं : धावबाद, धावफलक, धावसंख्या, निर्धाव षटक. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून हे शब्द घराघरांत रुजवले, आणि त्या समालोचनालाही नाव मिळालं ‘धावते समालोचन’. विमानतळाला धावपट्टी आली. शिवणकामाच्या पुस्तकात सुईच्या साध्या टाक्याला ‘धावदोरा’ हे नाव आलं. ज्याने कोणी धावदोरा हा शब्द केला त्याच्या कानाला दाद दिली पाहिजे.

पण ‘धाव’ हा शब्द काही इंग्रजीची वाट पाहत बसला नव्हता. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवतो तिला धाव म्हणतात. विहिरीवर मोट हाकताना बैल ज्या उतरणीवरून खाली जातात आणि उलट पावली वर येतात, ती उतरणही धाव. भक्त देवाचा धावा करतो आणि देव धावून येतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. इंग्रजीत कोंबड्यांना फिरायला राखलेली बंदिस्त जागा आणि बर्फावरून घसरायची उतरण यांनाही ‘रन’च म्हणतात. मोटेची धाव आणि बर्फावरचा ‘रन’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गतीच्या शब्दावरून गतीच्या वाटेला नाव देणं दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचलं. आज मोट गेली आहे, लाकडी चाकंही जवळपास गेली. हे दोन अर्थ माहीत असणारी शेवटची पिढी आपल्यात आहे.

म्हणून आता मराठीच्या कोशाचा प्रश्न. ट्रेंच लंडनमध्ये बोलले त्याच १८५७ मध्ये मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात सुमारे ६०,००० शब्द होते आणि बोलीतले, खेड्यातले, कारागिरांचे शब्द त्यात आजही वाचण्यासारखे आहेत. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले, त्यांत जुन्या ग्रंथांतले दाखलेही दिले. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश तर मूळ ग्रंथांतल्या उताऱ्यांवरच उभा आहे. इतकी मोठी माणसं, इतकं मोठं काम. तरी एका शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या वर्षी, कोणत्या वाक्यात प्रथम दिसला आणि आजपर्यंत कसा बदलला, हे ज्ञानेश्वरीपासून आजच्या वर्तमानपत्रापर्यंत सलग दाखवणारा कोश मराठीकडे नाही.

त्याची गरज किती आहे हे ‘लागणे’ या एका क्रियापदावरून कळेल. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. विहीर खणताना पाणी लागतं, आणि परगावचं पाणी प्रकृतीलाही लागतं. दूध भांड्याच्या बुडाला लागतं. निकाल लागतो, नोकरी लागते, शोध लागतो, लॉटरी लागते. एसटी फलाटाला लागते, आणि घाटात वळणं सुरू झाली की तीच गाडी प्रवाशाला लागते. ‘ती तुझी कोण लागते?’ असं विचारतात. मूल बोलू लागतं, आणि नको असताना जावं लागतं. इथे तर हा शब्द व्याकरणाचंच काम करायला लागला. ‘टॉकीजला कोणता सिनेमा लागलाय?’ या वाक्यातला अर्थ ७ जुलै १८९६ पूर्वीचा असू शकत नाही, कारण त्या दिवशी ल्युमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दाखवला गेला. पण तो अर्थ छापील मराठीत पहिल्यांदा कुठे उमटला, ते कोणताही कोश सांगत नाही. ‘रन’ला जे नऊ महिने मिळाले ते ‘लागणे’ला मिळाले, तर त्याची नोंद आकाराने फार मागे पडणार नाही.

हे काम केवळ विद्यापीठांवर सोडून होणार नाही. ऑक्सफर्डच्या चिठ्ठ्या लिहिणारे बहुतेक लोक भाषेचे पंडित नव्हते, ते नुसते वाचक होते. मराठीत जुनी मासिकं, दिवाळी अंक, आत्मचरित्रं, न्यायनिवाडे, शेतीची पुस्तकं आणि पाककृतींच्या वह्या वाचणारे वाचक आजही गावोगावच्या ग्रंथालयांत आहेत. त्यांनी वाचताना वही जवळ ठेवावी. रोजच्या क्रियापदाचा नवा किंवा विसरत चाललेला वापर दिसला की पूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव, प्रकाशनाचं वर्ष आणि पान उतरवावं, आणि ग्रंथालयाने त्या नोंदी अक्षरवार लावून जपाव्यात. लोहारकाम आणि मोट पाहिलेल्या म्हाताऱ्यांकडून ‘धाव’ची वाक्यं आधी लिहून घ्यावीत, कारण ती पुस्तकांत सापडायची नाहीत. त्यानंतर ‘लागणे’ घ्यावं.